हजार मिलिग्रॅमची गोळी आणि घोटभर पाणी: स्प्रिटामचं प्रकरण

३ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेत जाहीर झालं की थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेल्या एका गोळीला तिथल्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मान्यता दिली आहे. छापून बनवलेली अशी ही पहिलीच गोळी. नाव स्प्रिटाम, आतलं औषध लेव्हेटिरासिटाम, कंपनी अप्रेसिया फार्मास्युटिकल्स. बातमी आपल्याकडेही पोचली आणि तिच्या पाठोपाठ कल्पनांचे पतंग उडायला लागले. उद्या डॉक्टर फाइल पाठवणार आणि आपण घरी गोळी छापणार, प्रत्येक पेशंटला त्याच्या वजनाप्रमाणे डोस मिळणार, मुलांना डायनासोरच्या आकाराचं औषध मिळणार.

स्प्रिटाममध्ये यातलं काहीही नव्हतं. २५०, ५००, ७५० आणि १००० मिलिग्रॅम अशा चार ठरावीक ताकदी. गोळ्या गोल, पांढऱ्या, कारखान्यात एकगठ्ठा बनवलेल्या, केमिस्टकडून विकत घ्यायच्या. प्रिंटर पेशंटच्या आसपासही नव्हता. मग एवढा खटाटोप कशासाठी? माझं मत आधीच सांगून टाकतो. अप्रेसियाने प्रिंटिंग वापरलं ते गोळीचा आकार घडवायला नाही, तर गोळीच्या आतली मोकळी जागा घडवायला. तंत्राच्या दृष्टीने हा निर्णय अचूक होता. त्यासाठी निवडलेलं औषध मात्र, धंद्याच्या दृष्टीने, मला आजही पटत नाही.

अडचण नेमकी कुठे होती

लेव्हेटिरासिटाम हे फिट येण्यावरचं औषध. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीने ते केप्रा या नावाने आणलं, अमेरिकेत त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे लेविपिल, लेवेरा अशा नावांच्या गोळ्या मिळतात. घरात कोणाला अपस्माराचा त्रास असेल तर यातलं एखादं नाव तोंडपाठ असतं. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही लेव्हेटिरासिटाम आहे.

औषध गुणाचं आहे. इतर औषधांशी त्याची फारशी भांडणं होत नाहीत, त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टच्या हातात ते पटकन येतं. पण डोस दांडगा. मोठ्या माणसाला साधारण ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात होते आणि गरज पडली तर दिवसाला ३००० मिलिग्रॅमपर्यंत जातात. म्हणजे सकाळी दीड ग्रॅम, रात्री दीड ग्रॅम. हजार मिलिग्रॅम औषध, वर बाइंडर, फिलर, कोटिंग धरलं की जी लांबट गोळी तयार होते ती धडधाकट माणसालाही घशातून जाताना जाणवते. पक्षाघातानंतर फिट सुरू झालेले वृद्ध, लहान मुलं, बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं यांचे तर हालच. आणि हे औषध टाळून चालत नाही. डोस बुडाला की फिट येण्याची धास्ती असते.

घरी यावर जे उपाय होतात ते सगळ्यांना माहीत आहेत. गोळी कुटायची, मधात किंवा साखरपाण्यात कालवायची, मुलाचं नाक धरायचं. लेव्हेटिरासिटाम चवीला कडू आहे. कुटली की कोटिंग गेलं आणि सगळा कडवटपणा जिभेवर आला. पोर निम्मं थुंकतं आणि मग पोटात नक्की किती गेलं याचा हिशेब आईलाही लागत नाही, डॉक्टरलाही नाही. दुसरा उपाय सिरप. ते १ मिलीला १०० मिलिग्रॅम या ताकदीत मिळतं, म्हणजे हजार मिलिग्रॅमसाठी १० मिली. हे सिरप लक्षात असू द्या, पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ आहे.

तोंडात घातल्याबरोबर विरणारी गोळी हा साहजिक पर्याय. अशा गोळ्या काही नव्या नाहीत. उलटीवरच्या, मायग्रेनवरच्या, ॲलर्जीवरच्या कितीतरी आहेत. पण त्यांतला औषधाचा डोस बघा: ४ मिलिग्रॅम, ५ मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅम. तिथून हजारावर उडी मारायची तर नेहमीचे दोन्ही रस्ते बंद होतात.

पहिला रस्ता दाबण्याचा. रोटरी मशीनवर डायमध्ये पावडर पडते, वरचा आणि खालचा पंच ती दाबतात, गोळी बाहेर. मिनिटाला हजारो. टॅब्लेट सेक्शनमध्ये दिवस काढलेल्या कोणालाही त्यातली ओढाताण माहीत असते. हार्डनेस वाढवला की डीटी वाढते, म्हणजे गोळी फुटायला वेळ लागतो. हार्डनेस कमी केला की फ्रायेबिलिटीत, म्हणजे घासून झिजण्याच्या चाचणीत, मार बसतो, ब्लिस्टरमध्ये भुगा दिसतो, कडा उडतात. मधला मार्ग म्हणून क्रॉसपोव्हिडोन, क्रॉसकार्मेलोज असे पदार्थ घालतात. ते पाणी लागताच फुगतात किंवा पाणी आत ओढतात आणि गोळी फोडतात. पण गोळीत औषधच इतकं असलं की या फुगणाऱ्या मंडळींना जागा उरत नाही. त्यात लेव्हेटिरासिटाम पाण्यात भलतंच विरघळतं, १०० मिली पाण्यात १०४ ग्रॅम. ऐकायला ही सोयीची गोष्ट वाटते. दाबलेल्या गोळीत मात्र ती आडवी येते. पाणी लागलं की पृष्ठभागावरच औषधाचा दाट थर तयार होतो, पाणी आत शिरायच्या ऐवजी बाहेरच गुंतून पडतं आणि गोळी फुटण्याऐवजी साबणाच्या वडीसारखी बाहेरून झिजत बसते. एफडीएने २००८ मध्ये तोंडात विरणाऱ्या गोळ्यांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यातही ३० सेकंदांच्या आसपास विरावी आणि गोळीचं एकूण वजन ५०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये अशीच अपेक्षा आहे. इथे नुसतं औषधच त्याच्या दुप्पट.

दुसरा रस्ता गोठवून सुकवण्याचा. झायडिस हे त्यातलं गाजलेलं तंत्र. औषधाचं द्रावण ब्लिस्टरच्या खळग्यात ओतायचं, गोठवायचं, आणि निर्वातात त्यातला बर्फ उडवून लावायचा. मागे राहते ती हलकी जाळी, जिभेवर ठेवताच नाहीशी होणारी. पण पाण्यात सहज विरघळणारं औषध गोठताना नीट स्फटिक धरत नाही, सुकवताना जाळी खचते. म्हणून अशा औषधांसाठी या पद्धतीची मर्यादा साधारण ६० मिलिग्रॅम मानली जाते. न विरघळणाऱ्यांसाठी सुमारे ४००. लेव्हेटिरासिटाम पहिल्या गटातलं. संपलाच विषय.

न दाबता गोळी

अप्रेसियाने हाती घेतलेलं तंत्र औषधांसाठी जन्मलेलंच नव्हतं. ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, १९८० च्या दशकाच्या शेवटी तयार झालं. इमॅन्युएल सॅक्स, मायकेल सिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९९३ मध्ये ते मिळालं. त्यांच्यासमोर होते सिरॅमिकचे साचे आणि धातूचे भाग. पावडरचा पातळ थर पसरायचा, इंकजेटच्या नोझलमधून हव्या त्या जागी चिकटवणारा द्रव टिपायचा, मग दुसरा थर, पुन्हा द्रव. ज्या जागी द्रव पडला तिथले कण एकमेकांना धरतात, बाकीची पावडर मोकळीच राहते. एमआयटीने वेगवेगळ्या क्षेत्रांसाठी वेगवेगळ्या कंपन्यांना परवाने दिले. औषधांच्या बाजूला आधी थेरिक्स नावाची कंपनी होती, नंतर २००३ मध्ये स्थापन झालेल्या अप्रेसियाने ते काम पुढे नेलं. स्थापनेपासून मान्यतेपर्यंत १२ वर्षं. मूळ पेटंटची मुदत तोवर संपूनही गेली होती. हातात उरले होते ते कंपनीचे स्वतःचे, या गोळीच्या बांधणीवरचे हक्क.

या पद्धतीला कंपनीने झिपडोस असं नाव दिलं. तिच्यात पंच नाही, डाय नाही, टनावारी दाब नाही. औषध पावडरमध्ये असतं, नोझलमधल्या द्रवात नाही, आणि ही निवड महत्त्वाची आहे. द्रवातून औषध द्यायचं म्हटलं तर थेंबाथेंबाने किती देणार? अगदी सूक्ष्म डोसाच्या औषधांना ते ठीक, तिथे तर तेच बरं, कारण थेंब मोजून टाकता येतो. पण हजार मिलिग्रॅम द्यायचं तर औषधाचाच थर पसरायला हवा. मग द्रवाचं काम उरतं फक्त कणांचे सांधे ओले करण्याचं. ओल्या जागी कणाचा थोडासा भाग विरघळतो, सुकताना दोन कणांमध्ये बारीक पूल तयार होतो. थरावर थर चढत गेले की उभी राहते ती जेमतेम धरून ठेवलेली रचना. कणाकणांमधली पोकळी तशीच राहते, कारण ती चेपणारं कोणी नसतं.

आता या गोळीवर पाणी पडलं की काय होतं ते बघा. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे केशाकर्षणाने पाणी गाभ्यापर्यंत जातं. बाहेर दाट थर बनायला वेळच मिळत नाही, कारण आत-बाहेर एकाच वेळी भिजतं. कणांना बांधणारे पूल विरघळणाऱ्या पदार्थाचे, ते आधी तुटतात. दाबलेल्या गोळीत आडवी येणारी विद्राव्यता इथे उलट मदतीला येते. स्प्रिटामच्या माहितीपत्रकात छापलेला आकडा असा: घोटभर पाण्यासोबत गोळी सरासरी ११ सेकंदांत विरते, कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त २७ सेकंद. हजार मिलिग्रॅमच्या औषधासाठी हा आकडा बघून गोळ्या बनवणाऱ्या माणसाच्या भुवया वर जायलाच हव्यात.

माहितीपत्रकातली घटकांची यादीही वाचण्यासारखी आहे. कोलॉइडल सिलिकॉन डायऑक्साइड, ग्लिसरीन, मॅनिटॉल, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, पॉलिसॉर्बेट २०, पोव्हिडोन, सुक्रॅलोज, ब्यूटिलेटेड हायड्रॉक्सीॲनिसोल आणि पुदिन्याच्या जातीतला स्पिअरमिंट स्वाद. या यादीत क्रॉसकार्मेलोज नाही, क्रॉसपोव्हिडोन नाही, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट नाही. गोळी फोडण्यासाठी जे पदार्थ आपण डोळे मिटून घालतो त्यांतला एकही नाही. ते काम रचनेने केलं आहे. फॉर्म्युलेशनच्या माणसाला या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी ही घेईन. प्रिंटर घेतला की जुन्या फॉर्म्युल्याची फाइल बाजूला ठेवावी लागते. दाबण्यासाठी जे लागतं ते थरांसाठी लागत नाही, आणि थरांसाठी जे लागतं, म्हणजे पसरताना एकसारखी वाहणारी आणि द्रव पडला की योग्य तेवढीच भिजणारी पावडर, त्याची प्रेसवाल्याला इतकी फिकीर नसते.

गोड आणि स्वादाचा पदार्थ यादीत का, हेही उघड आहे. औषध जिभेवरच मोकळं व्हायचं ठरलं तर त्याची कडू चवही जिभेवरच मोकळी होणार. लवकर विरणं आणि चव लपवणं या दोन गोष्टी एकमेकींच्या वाईटावर असतात. कोटिंगचा आडोसा इथे शक्य नाही, म्हणून सुक्रॅलोज आणि मिंट.

पोकळीची किंमत

जी रचना पाण्याला आत घेते ती हाताच्या दाबालाही दाद देत नाही असं कसं होईल? स्प्रिटाम ही बत्ताशाच्या कुळातली वस्तू आहे. नेहमीच्या ब्लिस्टरमधून गोळी अंगठ्याने ढकलून बाहेर काढायची आपल्याला सवय असते. इथे तसं केलं तर हातात चुरा येईल. म्हणून माहितीपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे की गोळी फॉइलमधून ढकलू नका, फॉइल सोलून काढा, आणि हात कोरडे असू द्या. गोळी जिभेवर ठेवायची, पाण्याचा एक घोट घ्यायचा, विरेपर्यंत थांबायचं, मग गिळायचं. नाहीतर छोट्या कपात चमचाभर, म्हणजे साधारण १५ मिली, पाण्यात टाकायची, विरली की पिऊन टाकायची आणि तळाशी काही राहिलं असेल तर पुन्हा थोडं पाणी घालून तेही प्यायचं. गोळी मोडून अर्धी द्यायची नाही. वजन २० किलोच्या वर असलेल्या मुलांनाच द्यायची, त्याहून लहानांना सिरप.

म्हणजे डोस बारीक जुळवण्याची सोय तर नाहीच, उलट साध्या गोळीवर असते ती मधली रेघसुद्धा इथे नाही. घरोघरी मापाची गोळी छापण्याच्या बातम्या वाचलेल्यांना हे विचित्र वाटेल. पण एकदा पोकळी हे उद्दिष्ट ठरलं की पुढचं सगळं त्याच्या पाठोपाठ येतं. बाटलीत शंभर गोळ्या भरून खळखळ वाजवता येत नाहीत, प्रत्येकीला स्वतंत्र खळगा हवा. पॅकिंग महाग. दमट हवेला ही गोळी साध्या गोळीपेक्षा जास्त घाबरणार. कोकणातल्या जुलैत ती टेबलावर उघडी ठेवून बघायची माझी तयारी नाही.

आणखी एक गैरसमज इथेच मोडायला हवा, कारण तो जिवावर बेतू शकतो. ११ सेकंदांत विरते म्हणजे ११ सेकंदांत फिट थांबते असं मुळीच नाही. गोळी तोंडात कुठे आणि किती लवकर मोकळी होते हा एक प्रश्न, औषध आतड्यातून रक्तात किती लवकर जातं हा दुसरा. लेव्हेटिरासिटामची साधी गोळीही उपाशीपोटी तासाभरात रक्तातल्या सर्वोच्च पातळीला पोचते. स्प्रिटामला मान्यता मिळाली तीच मुळी केप्राइतकंच औषध त्याच प्रमाणात रक्तात जातं हे दाखवून. त्यासाठी नव्याने मोठ्या क्लिनिकल चाचण्या कराव्या लागल्या नाहीत. केप्राच्या आधीच्या चाचण्यांचा आधार घेता आला, अमेरिकेच्या कायद्यात तशी वाट आहे. ही रोज घ्यायची गोळी आहे, फिट चालू असताना द्यायची नाही. कोणाला फिट आलेली असताना तोंडात गोळी नाही, पाणी नाही, चमचा नाही. नाकाशी कांदा किंवा चप्पल तर नाहीच नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ सरकवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठायचा.

कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर पोकळीची आणखी एक किंमत आहे, वेग. प्रेसच्या एका फेरीत पंचाच्या प्रत्येक जोडीतून एक गोळी पडते. इथे थर, द्रव, थर, द्रव, मग सुकवणं, मग मोकळी पावडर बाजूला काढणं. अप्रेसियाला त्यासाठी टेबलावरचा प्रिंटर पुरणारा नव्हताच. एकाच वेळी पुष्कळ गोळ्यांवर थर चढवत जाणारी मोठी यंत्रणा तिला स्वतः उभारावी लागली. शिवाय थर पसरताना न भिजलेली, मोकळी राहिलेली पावडर हा गुणवत्ता विभागाच्या डोक्याला कायमचा ताप. ती परत वापरायची का, वापरली तर कोणत्या बॅचमध्ये गेली, तिच्यातलं औषधाचं प्रमाण सुरुवातीच्या मिश्रणाइतकंच राहिलं का, कण वेगळे झाले का? फेकायची म्हटलं तर प्रत्येक बॅचमागे औषध कचऱ्यात.

सिरपशी गाठ

तंत्र जिंकलं. मार्च २०१६ मध्ये स्प्रिटाम अमेरिकेच्या बाजारात आलं. आता विकायचं कोणाला?

केप्राची मक्तेदारी अमेरिकेत २००८ मध्येच संपली होती. लेव्हेटिरासिटामची जेनेरिक गोळी तिथे स्वस्त, अनेक कंपन्यांची, आणि त्यांत भारतीय कंपन्याही होत्या. गिळता येणाऱ्या माणसाला स्प्रिटामची गरजच नव्हती. गिळता न येणाऱ्यांसाठी सिरप होतं, तेही जेनेरिक. अमेरिकेत औषधाचे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते, आणि विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते: स्वस्तातलं घेऊन पाहिलंत का? याला उत्तर म्हणून स्प्रिटामकडे होत्या सोयी. बाटली नाही, मोजमापाची पिचकारी नाही, सांडासांड नाही. प्रवासात खिशात मावते. मोजताना चूक होत नाही, एक गोळी म्हणजे एक डोस. वृद्धाश्रमात दिवसाला चाळीस जणांना औषध देणाऱ्या नर्सला विचाराल तर ती या सोयींना कमी लेखणार नाही. पण सोयीसाठी जास्त पैसे मोजायला लावणं आणि दुसरा उपायच नाही म्हणून मोजायला लावणं यांत फार अंतर आहे.

माझं म्हणणं हे आहे. पोकळ रचनेसाठी लेव्हेटिरासिटाम हे प्रात्यक्षिक म्हणून उत्तम औषध होतं: डोस मोठा, विद्राव्यता भरपूर, इतर पद्धती तिथे हात टेकतात. ‘बघा, आम्ही हजार मिलिग्रॅम विरवून दाखवतो’ असं सांगायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. पण ज्या गुणामुळे ते प्रात्यक्षिक झालं, म्हणजे पाण्यात सहज विरघळणं, त्याच गुणामुळे त्याचं सिरप बनवणंही सोपं आहे. जे औषध पाण्यात इतकं सहज जातं ते बाटलीतही सहज राहतं. सूक्ष्मदर्शकातून गोळीच्या आतल्या पोकळ्या बघणाऱ्यांना फडताळातली बाटली दिसली नसेल असं नाही. जोखीम कमी असलेलं औषध आधी घ्यायचं, मान्यतेचा रस्ता एकदा खुला करायचा, हा विचार त्यामागे असणार, आणि पहिल्यावहिल्या गोळीसाठी तो चूक म्हणता येत नाही. फक्त त्या निवडीवर धंदा उभा राहणार नव्हता.

पुढे कंपनीने मोर्चा वळवला तो दुसऱ्यांच्या औषधांकडे. २०१७ मध्ये दुर्मिळ आजारांवर काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या सायकल फार्मास्युटिकल्सशी तिने भागीदारी जाहीर केली. नंतर यंत्रांसाठी जर्मनीच्या ग्लाट कंपनीसोबत. स्प्रिटामनंतर कित्येक वर्षं एफडीएच्या मान्यतेच्या यादीत दुसरी छापील गोळी दिसली नाही.

दोन शेजारी

स्प्रिटामच्या उजेडात इतर दोन प्रयत्न बघितले की त्याची जागा नीट कळते.

स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला इथल्या रुग्णालयात मेपल सिरप युरिन डिसीज हा दुर्मिळ चयापचयाचा आजार असलेल्या चार मुलांना छापील चघळगोळ्या दिल्या गेल्या. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलांना आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल मोजून, प्रत्येकाला वेगळ्या प्रमाणात लागतं, आणि रक्तातली पातळी बघून ते प्रमाण बदलत राहतं. आधी रुग्णालयातले फार्मासिस्ट हाताने कॅप्सूल भरायचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून निघालेल्या फॅबआरएक्स कंपनीच्या प्रिंटरने तिथेच, रुग्णालयाच्या फार्मसीत, वेगवेगळ्या डोसांच्या, रंगांच्या आणि चवींच्या गोळ्या छापल्या. २०१५ च्या मथळ्यांत जे वाचलं होतं ते खरं तर हे. इथे गोळी पोकळ असण्याशी देणंघेणं नाही. मऊसर लगदा नळीतून सोडायचा, जितका सोडला तितका डोस. ब्रिटनने जुलै २०२५ पासून पेशंटच्या जवळ औषध तयार करण्यासाठी स्वतंत्र नियम लागू केले ते अशाच प्रकारच्या कामांना डोळ्यांसमोर ठेवून. बॅच म्हणजे एका मुलाच्या महिनाभराच्या गोळ्या असतील तर त्यातल्या किती तपासणीसाठी फोडायच्या, हा प्रश्न कारखान्याच्या नियमावलीत बसत नाही.

दुसरा शेजारी चीनमधल्या नानजिंगचा. ट्रायास्टेक ही २०१५ मध्ये सुरू झालेली कंपनी औषध मिसळलेला प्लास्टिकसारखा पदार्थ वितळवून त्याचे थर रचते. तिला पोकळीपेक्षा आतल्या भिंती महत्त्वाच्या. संधिवातात सकाळी आखडणारे सांधे डोळ्यांसमोर ठेवून तिने एक गोळी आखली: रात्री झोपताना घ्यायची, औषध पहाटे सुटेल अशी. मानवी चाचण्यांसाठी एफडीएची परवानगी तिला २०२१ मध्ये मिळाली. पद्धत वेगळी, पण बुद्धी अप्रेसियाचीच. गोळी बाहेरून तशीच गोल, करामत सगळी आत.

मग कोणतं औषध घ्यायचं

स्प्रिटामसारखी पोकळ गोळी आज कोणी नव्याने करायला घेतली तर निवडीच्या चाळणीत मी सिरपची अट सर्वात वर ठेवीन. डोस मोठा हवा, गिळण्याची अडचण खरी हवी, आणि द्रवरूपात ते औषध टिकायला नको. असं एक औषध आपल्या प्रत्येक घरातून कधी ना कधी गेलेलं असतं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं ड्राय सिरप. बाटलीतल्या पावडरीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, आठवडा-दहा दिवसांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. खुणेच्या वर पाणी गेलं की प्रत्येक चमचा पातळ, खाली राहिलं की दाट. ज्या घरी फ्रीज नाही तिथे तर बाटली तिसऱ्या दिवशीच भरवशाची राहत नाही. मुलांसाठी पाण्यात विरघळवायच्या दाबलेल्या गोळ्या मिळतात, पण त्या लहान डोसाच्या. गिळता न येणाऱ्या मोठ्या माणसाला ६२५ ची गोळी म्हणजे पुन्हा तोच लांबट धोंडा.

चाळणीतून पार झालं म्हणावं तर पुढची अडचण दत्त म्हणून उभी. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ओलाव्याने खराब होतं, म्हणून तर ते बाटलीत पावडर म्हणून विकावं लागतं, गोळ्या ओल्या ग्रॅन्युलेशनशिवाय, म्हणजे पावडर ओली करून तिचे दाणे न पाडता, कोरड्या खोलीत बनवाव्या लागतात. आणि झिपडोसची पद्धत उभी आहे ती पावडरवर द्रव टिपण्यावर. पाण्याऐवजी दुसरं द्रावक घ्यायचं तर ते शेवटी गोळीत किती उरतं याचा हिशेब आला, मुलांसाठीच्या औषधात तर डोळ्यांत तेल घालून. त्यातून तयार गोळीची पोकळ जाळी हवेतला दमटपणा शोषायला टपलेली, म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या फॉइलचं पॅकिंग हवं. आणि हे सगळं करून जी किंमत येईल ती आपल्या बाजारात, जिथे हे औषध सरकारच्या किंमत नियंत्रणाखाली आहे, त्या कमाल किमतीत बसवायची.

जो कोणी पाण्याचा थेंब न वापरता कणांचे ते बारीक पूल बांधून दाखवील, लेझरच्या उष्णतेने म्हणा किंवा आणखी कशाने, त्याचं काम मी बारकाईने वाचीन. लेझरने पावडर जोडण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू आहेत. तिथे अडचण उष्णतेची, आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडला उष्णताही सोसत नाही.